सात नंबरची बस

“अगं, ब्रेक लागत नाहीये हिला!” बाबा ओरडले.

खुर्चीखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता. कम्प्युटरच्या पडद्यावर सात नंबरची बस बाजाराच्या चौकाकडे सुसाट निघाली होती. लेकीला हसू आवरेना. तो नुसता कम्प्युटरचा हलता वॉलपेपर होता, पण तेहतीस वर्षं तीच बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगणार कोण?

कल्पना तिचीच. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाने तिला नर्सची पक्की नोकरी देऊ केली होती आणि आज पाचपर्यंत उत्तर कळवायचं होतं. बाबा घरात एकटेच उरणार. रोज व्हिडिओ कॉलवर ते दिसले, बोलले, तरच ती जाणार होती. मोबाईलवर त्यांना तिचा चेहरा शेंगदाण्याएवढा दिसायचा आणि कम्प्युटरच्या तर ते वाऱ्यालाही उभे राहत नव्हते.

म्हणून काल ती सात नंबरच्या पुढच्या सीटवर बसली, मोबाईल काचेला टेकवला आणि डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंतचा रस्ता टिपून आणला. शाळेत असताना याच बसने ती घरी यायची. आज तो व्हिडिओ वॉलपेपर म्हणून लावला, तर जुना कम्प्युटर धापा टाकू लागला आणि बस उचक्या देत चालू लागली. तिने चित्राचा दर्जा जरा उतरवला, आयकॉन एकेक करून कडेला ओढले. बस नीट धावू लागली आणि बाबा आपण होऊन खुर्चीत येऊन बसले.

“सिग्नलला उगाच घाई करतोय हा नवीन पोरगा,” ते पुटपुटले.

“आता मी आतल्या खोलीतून कॉल करते. हिरवं बटण दाबा.”

बाबांनी दाबलं. तिचा चेहरा पडदाभर पसरला, रस्ता गडप झाला. बाबांनी घाईघाईने लाल बटण दाबलं. तिने पुन्हा कॉल केला, त्यांनी पुन्हा कापला. तिसऱ्यांदा बाहेरून आवाज आला, “चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये! पाटी वाचली नाहीस का?”

तिला हसावं की रडावं कळेना. ज्या बसने बाबांना खुर्चीपर्यंत आणलं, तीच आता आडवी आली होती. पावणेपाच वाजले. जड मनाने तिने इस्पितळाला लिहायला घेतलं. ‘मनापासून आभार, परंतु’ इथपर्यंत आली, तोच मोबाईल वाजला.

बाबांचा व्हिडिओ कॉल. त्यांनी स्वतःहून लावलेला, आयुष्यातला पहिला!

“थांब, हलू नकोस,” ते म्हणाले. जीभ दातांत धरून ते माउसने काहीतरी ओढत होते. ती धावत दारात आली. पडद्यावर रस्ता तसाच पळत होता आणि खाली डाव्या कोपऱ्यात, काचेलगत, तिचा चेहरा एका छोट्या चौकटीत बसला होता.

“हां, आता पुढचंही दिसतंय आणि तूही,” बाबा मागे न बघताच म्हणाले. “शाळेतून येताना तिथंच बसायचीस ना, माझ्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर? कळव त्यांना, येते म्हणून. आणि घट्ट धर, वळण आलंय.”