स्टेशनाकडे जाणारा रस्ता

भिंतीवरची लाल खूण अन्नपूर्णाबाईंनी पुन्हा चुना फासून मिटवली होती.

शार्दूलनं कपाळावर हात मारून घेतला. आता या बाईंना सांगायचं तरी काय! लोकल गाडी वेलाचेरीपर्यंत येणार होती, खांब उभे राहायला लागले होते, आणि नव्या स्टेशनाकडे जाणारा रस्ता नेमका यांच्या ओसरीवरून आखला होता. खुणा करणं त्याचं काम. खूण पुसली म्हणून रस्ता थोडाच वळणार होता?

पण रागावणार कसं? पहिल्याच दिवशी त्याचं नाव ऐकून बाई मराठीत बोलल्या होत्या. मराठी तंजावरची, जुन्या वळणाची, हेल सगळा तमिळ. साताऱ्याहून आलेल्या शार्दूलला निम्मी कळलीच नाही. तरी चेन्नईच्या त्या उकाड्यात ‘बसा, कापी घ्या’ एवढं आपल्या भाषेत ऐकून त्याला भरून आलं. तेव्हापासून मोजणीला आला की त्याची कॉफी या घरी ठरलेली.

शेजारपाजारचे सगळे केव्हाच कबूल झाले होते. तांबरमच्या बाजूला दुसरी जागा मिळत होती, आणि गाडी आली की बसमधलं रेटारेटीचं जिणं सुटणार होतं. एकट्या अन्नपूर्णाबाई अडून बसल्या होत्या, आणि त्यामागे होती त्यांची मुलगी विद्युलता.

ती परजातीतल्या मुलाबरोबर निघून गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. बापानं तेव्हा रागाच्या भरात पुन्हा उंबरा चढू नकोस म्हणून सुनावलं होतं. आईनं मात्र त्या दिवसापासून पुढच्या दाराला दिवसा कडी लावली नव्हती. दुपारी कुठे जायचं झालं तरी त्या जात नसत. न जाणो, पोर यायची आणि घरात कुणी नसायचं.

“तिला हेच घर ठाऊक,” त्या म्हणत. “हे पाडलं तर ती कोणास विचारील?”

त्यांचे यजमान प्रतापसिंहराव शहराबाहेरच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माणूस अबोल. बायकोचं बोलून झालं की ‘हिचं म्हणणं तसं आहे खरं’ एवढंच म्हणायचे. जेवायला बसण्याआधी मागच्या अंगणात कावळ्याला भात ठेवून यायचे. तिकडे ती रीतच आहे, आणि या घरात ते काम त्यांनीच आपल्याकडे घेतलं होतं.

एकदा भर दुपारी ते एकटेच शार्दूलच्या ऑफिसात आले. बस बदलत आले असावेत, सदरा घामानं चिंब झाला होता. पाणी प्यायले, खांद्यावरचं उपरणं पिळत बसले. घरी कळवू नका, असं आधी सांगून घेतलं.

“घर जायाचं, हे नक्की काय?”

“सध्या तरी तसंच आहे, काका.”

“मधे कोणी अडवायाचं नाही ना?”

हे विचारताना त्यांचे डोळे भरून आले. त्याचे स्वतःचे वडील साधारण याच वयाचे. त्यानं पुढे होऊन त्यांचा हात धरला. घाबरू नका, मी आहे ना, काहीतरी मार्ग काढतो, असं तो भडाभडा बोलत सुटला. म्हातारा काही सांगू पाहत होता, पण शार्दूलनं तोवर टेबलावर नकाशा पसरलासुद्धा. मग ते उठले आणि उन्हातून निघून गेले.

त्यानंतर शार्दूल हात धुऊन त्या रस्त्याच्या मागे लागला. गल्लीच्या पलीकडे दलदलीची सरकारी जागा रिकामी पडली होती. तिथून थोडा वळसा घेतला तर रस्ता बसत होता. सुट्टीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उतरून त्यानं मापं घेतली. साहेब गुरुमूर्ती वैतागले. एका घरासाठी एवढा आटापिटा? ते तुझे कोण लागतात? कुणी नाही, आपली माणसं आहेत, असं त्यानं सांगून टाकलं. साहेबांनी पुष्कळ कुरकुर केली, फेऱ्या मारायला लावल्या, पण शेवटी सही केली.

बातमी सांगायला तो संध्याकाळी धावतच गेला. अन्नपूर्णाबाईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. गाडीमुळे आता विद्युलतेलाही यायला सोपं पडेल, स्टेशनात उतरली की समोरच घर, असं म्हणत त्या गोड करायला आत गेल्या. जेवल्याशिवाय सोडणार नाही, अशी त्यांनी आतून ताकीद दिली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. त्या काहीतरी गुणगुणतही होत्या. शार्दूलनं त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं.

प्रतापसिंहराव त्याला जरा बाहेर चला म्हणाले. दोघं गल्लीच्या टोकापर्यंत आले. गाडीच्या नव्या पुलाखाली कामगार साहित्य आवरत होते. म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. शार्दूल अवघडला. आभार कसले मानता काका, आपल्या माणसांसाठी एवढंही करायचं नाही का, असं तो म्हणाला.

“त्या दिवशी मी घर वाचवा म्हणायाला आलो नव्हतो,” प्रतापसिंहराव म्हणाले. “ते पडूच दे, कोणास अडवू देऊ नका, हे सांगायाचं होतं. दारच राहिलं नसतं तर हिचं वाट पाहायाचं तरी सुटलं असतं. हिला सांगायाची मला छाती होत नाही. विद्युलतेला अग्नी मीच दिला, तिकडे एन्नोरच्या स्मशानात.”