अकरा झाले, एक हवा

अकरा जण बसले होते. बारावी खुर्ची रिकामी होती आणि न्यायाधीशबाईंचा पारा चढत चालला होता.

"शेरीफ, बोलावलेल्यांची यादी संपली. बाहेर जा आणि रस्त्यावर जो दिसेल त्याला ज्युरीवर घेऊन या."

कायदाच तसा आहे. पण हॅलर काउंटीत रस्त्यावर कोणी दिसेल तेव्हा ना! इथं कुठल्याही दिशेला तासभर गाडी हाका, गवताच्या टेकड्या आणि गाई. माणसं सहाशेच्या आत, त्यांतली निम्मी एकमेकांची सोयरी.

आरोपी ऑरिन केसलर मान खाली घालून बसला होता. मार्च महिन्यात त्यानं शेताच्या कडेचं वाळलेलं तण पेटवलं, मग पाणी मारलं आणि जेवायला घरी गेला. दुपारी वारा सुटला. टेकडीपलीकडे एकटी राहणारी म्हातारी आयडा लुंड घरातच जळून मेली. आग ऑरिनच्या तणाची की तुटलेल्या विजेच्या तारेची, एवढंच ठरायचं होतं. तणाची ठरली तर तुरुंग. ऑरिन घाबरला होता, आणि तो तुरुंगाला घाबरलाय असं सगळे धरून चालले होते.

"बारावा मिळाला नाही तर खटला ओमाहा शहरात जाईल," त्याची वकील ग्रेस कुजबुजली. "तिथं तुम्हाला कोण विचारतो? हे अकराही तुमचेच आहेत. आता एक बरा माणूस मिळाला की झालं."

त्याचेच होते खरे. पुढच्या रांगेतली मार्ज तर आगीच्या दुसऱ्याच दिवशी भांडंभर जेवण घेऊन आली होती. "तू विझवली होतीस रे, ऑरिन. आम्हाला का ठाऊक नाही?" चर्चमध्ये तेच, दुकानात तेच.

बऱ्याच वेळानं शेरीफ परतला.

"पेट्रोल पंपावर एक जण होता, पण तो कॅन्ससचा, परराज्यातला निघाला. मग हा सापडला. खिळे घेत होता."

मागे व्हर्नन डूली उभा होता. खोलीत चुळबुळ झाली. ऑरिनच्या बापाला पुरताना सगळे 'देवमाणूस गेला' म्हणत असताना याच व्हर्नननं ऑरिनच्या तोंडावर सांगितलं होतं, "दारूनं गेला." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"आरोपीला ओळखता?" बाईंनी विचारलं.

"इथं कोण कुणाला ओळखत नाही, बाई?"

"त्याच्याबद्दल मनात काही?"

"मला तो आवडत नाही. पण आग कशानं लागली याचा आणि माझ्या आवडीचा काय संबंध? ऐकेन, बघेन, मग सांगेन."

सरकारी वकिलाची हरकत नव्हती. त्याला हसू लपवता येत नव्हतं.

ग्रेसनं ऑरिनचा दंड धरला. "कारण न देता एकाला नाकारायचा हक्क आपल्याकडे उरलाय. वापरू या. यापेक्षा ओमाहा परवडलं."

"नको."

"अहो, हा तुम्हाला आत घालेल! बाराही जणांचं एकमत लागतं. हा एकटा अडून बसला तरी तुम्ही सुटत नाही."

"बसू दे."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

न्यायाधीशबाई उत्तराची वाट पाहत होत्या. ऑरिननं आग विझवली म्हणून सांगायचं आणि समोरच्यानं मान डोलवायची, असं गेले कित्येक महिने चाललं होतं.

"मी जेवायला निघालो तेव्हा धूर येत होता की नव्हता, मला आठवत नाही, ग्रेस," तो हळूच म्हणाला. "त्याला घे. या काउंटीत मला खरं सांगेल असा तेवढा एकच माणूस आहे."