आचाऱ्याला बाहेर बोलवा

"मीठ कमी आहे." नानांनी डाळीची वाटी पुढे सरकवली. "आचाऱ्याला म्हणावं, स्वतः बाहेर येऊन चव बघ."

माईंनी कपाळावर हात मारून घेतला. गावात आल्यापासून हे रोजचंच झालं होतं. काल डाळ पातळ होती, परवा भात चिकट. खानावळीचा मालक बिचारा गल्ल्यावरून उठायचा, आत जायचा आणि दुसरी वाटी घेऊन यायचा. आचारी मात्र कधी बाहेर आला नाही.

खरं तर डाळीला नाव ठेवायला जागाच नव्हती. आधी भाजून मग शिजवलेली, वरून ठेचलेला लसूण, अगदी माई घरी करायच्या तशी. दुखणं तेच तर होतं! एवढा प्रवास करून, हाडं खिळखिळी करून घेऊन परमुलखात यायचं आणि खायचं काय, तर आपल्याच हातच्यासारखं!

"अहो, तिकडे किनाऱ्यावर लोक रांगा लावून मासे खातायत. पानात गुंडाळून भाजतात म्हणे. एकदा चाखून तरी बघू या की."

"तू जा खुशाल. मला घरचंच लागतं."

"हे कधीपासून? घरी तर ताटावर बसलात की नाक मुरडता."

नाना स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत बसले. त्यांची जागाही ठरलेली, बरोबर पडद्यासमोरची. दुसरं कोणी तिथे बसलेलं असलं तर ते उठेपर्यंत नाना दारात उभे राहायचे.

हे गावही नानांनीच निवडलं होतं. माईंना डोंगरावर जायचं होतं, पण ह्यांचा हेका. पहिल्या दिवशी सामान खोलीत टाकून, कुणाला न विचारता, तडक इथे आले. माईंना वाटलं, भुकेने कासावीस झाले असतील.

माईंचा बेत वेगळाच होता. एकुलत्या एका मुलाचं आणि बापाचं वाजलं होतं. शब्दाने शब्द वाढला, "पुन्हा तोंड दाखवू नकोस" इथवर गेला आणि पोरगा निघून गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची चोरी. माई एकट्या असल्या की रडून घ्यायच्या. परक्या गावात, हसतखेळत, चार नवे घास पोटात गेले की माणूस जरा सैलावतं. तेवढ्यात पोराचा विषय काढायचा, हात जोडायचे, पाया पडायचं, पण त्याला शोधायला ह्यांना तयार करायचं, असं त्या ठरवून आल्या होत्या. आणि इथे रोज ही धुसफूस! सैलावणार कधी आणि बोलणार कधी?

दुसरा दिवस शेवटचा. संध्याकाळची परतीची गाडी. निदान आज तरी गोडीने जेवतील, तर कसलं काय.

"करपलंय," नाना म्हणाले. घास तोंडातही गेला नव्हता. आवाज मात्र पार आतपर्यंत पोचेल एवढा. "आचाऱ्याला बोलवा!"

मालक आत गेला, वाटी घेऊन आला. एकटाच.

नानांनी त्या वाटीकडे पाहिलं. मग भरल्या ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हातारा एकाएकी फार थकल्यासारखा दिसत होता, पण माईंना त्याची कीव आली नाही. पाणी डोक्यावरून गेलं होतं. अन्नाचा असा अपमान! आणि राबणाऱ्या माणसाचा!

त्या उठल्या आणि पडदा सारून थेट आत गेल्या. आचारी चुलीकडे तोंड करून, पाठमोरा उभा होता.

"बाबा रे, मनाला लावून घेऊ नकोस," माई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची जीभच तिखट. तुझ्या डाळीत काही म्हणजे काही खोट नाही."

आचाऱ्याचा हात थांबला. त्याने डोळे पुसले, पण वळला नाही.

"माहितीये गं, आई. पण नाना आज तरी जेवले का?"