चिमणी, वय आठ

टिंग! दुपारच्या शांत घरात लेकीचा टॅब वाजला. ऑनलाइन अनोळखी कुणाला काही सांगायचं नाही, असं शाळेत नुकतंच शिकवलं होतं. म्हटलं, बघू तरी किती डोक्यात शिरलंय! म्हणून तिच्या खेळाच्या ॲपवर ‘चिमणी, वय आठ’ बनून मीच ओट्याशी उभी राहून तिला मेसेज करत होते.

नाव विचारलं, सांगितलं नाही. शाळा विचारली, तीही नाही. “काय करतेयस?” तर म्हणे, “खाऊ खातेय.” बास, एवढंच! गुणाची गं माझी बाय ती! आणि त्याच भरात मी लिहून बसले, “हात धुतलेस का?”

पुढच्या मिनिटाला लेक टॅब घेऊन दारात उभी.

“आई, चिमणी तूच ना?”

मी जीभ चावली. “अगं, परीक्षा घेत होते तुझी. पास झालीस!”

तिचा चेहरा काही खुलला नाही. “पण बाई म्हणाल्यात, मोठं माणूस लहान असल्याचं खोटं सांगून बोलायला लागलं, तर लगेच आईला सांगायचं.”

“बरोबरच आहे की!”



“मग आता मी कुणाला सांगू?”