एक चक्कर जास्तीची

बसा, एक गोष्ट सांगतो. शाळा सुटताना गाड्यांची रांग लागते ना, त्या रांगेतली. मे महिन्यात टूसॉनसारख्या वाळवंटातल्या शहरात त्या रांगेत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. फर्मिन किहादा त्या दिवशी नुसता बसला नव्हता, फोनवर बायकोशी भांडत होता.

"संध्याकाळपर्यंत शाळेच्या ऑफिसात कळवायचंय, पोरगी पुढच्या वर्षी येणार का नाही," नेरेइदा म्हणाली. "मी नाही म्हणून सांगतेय."

"खबरदार! तीन वर्षं प्रवेशाच्या चिठ्ठीत नंबर लागत नव्हता आपला. जागा सोडायचा अवकाश, दुसरा टपूनच बसलाय."

"बसू दे त्याला. काल मारिसेला जेवता जेवता झोपली. टॉर्टियाचा घास तोंडात तसाच. बघितलंस का तू?"

बघितलं नव्हतं. फर्मिन काल उशिरा आला होता. लोकांच्या छपरांवर चढून तो एसी दुरुस्त करायचा. पोरीनं जन्मभर सावलीत बसून काम करावं, एवढीच त्याची हाव. शाळा सरकारी, फी एक डॉलर नाही, पण घाई जबर. सहावीच्या पोरांना आठवीचं गणित. वर्षाच्या शेवटी मोठी परीक्षा, आणि तिच्यात आपटलं तर तीच इयत्ता पुन्हा.

त्या रांगेचा कायदा कडक. खाली उतरायचं नाही, रेंगाळायचं नाही. आरशाला नंबर लटकवायचा. एक बाई वॉकीटॉकीवर तो नंबर ओरडते, पोरं सावलीतून निघतात आणि दार उघडून आत बसतात. वर कुणी बघत नाही. सगळ्यांच्या अंगात तोच निळा शर्ट, हातात पाठ करायची कार्डं, ओठ हलताहेत. फर्मिनचे डोळे पुढच्या बंपरवर, कान फोनवर. मागचं दार उघडलं, दप्तर धपकन पडलं, दार लागलं.

"चला, चला, पुढं घ्या!" बाई ओरडली. त्यानं गाडी काढली.

"बसली ती? मग आता गप्प बस," नेरेइदा म्हणाली. "तिच्यासमोर नको."

"तिच्यासमोरच बोलणार. ऐक गं पोरी! तुझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या रानात मिरच्या तोडल्या. मी छपरं चढतो. तुला काय करायचंय ते तू ठरव. रडायचं तर रड, पण हातातली कार्डं खाली ठेवू नकोस. आज त्रास काढ, पुढं मजा आहे. कळलं?"

"हो, पप्पा," मागून बारीक आवाज आला.

फर्मिनला चेव चढला. "ऐकलंस? पोरगी तयार आहे! रडगाणं तुझं एकटीचंच."

तो स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला. सिग्नल लाल झाला.

"फर्मिन," ती हळू म्हणाली, "तो आवाज मारिसेलाचा नाही."

"काहीतरीच काय!"

"मागं बघ."

आरशात नुसता भांग दिसत होता. त्यानं मान वळवली. चष्म्यातली एक पोरगी कार्ड पुटपुटत बसली होती. त्याची पोरगी चष्मा लावत नाही. पोरीनं मान वर केली, आणि दोघंही एकदम दचकले.

"तू कोण गं?"

"यारेली."

"मग मघाशी हो पप्पा कुणाला म्हणालीस?"

पोरीचा चेहरा रडवेला झाला. "माझे पप्पापण हेच बोलतात. अगदी असंच. मला वाटलं तेच आहेत. आमची गाडीपण पांढरीच आहे."

फोनवरून नेरेइदा किंचाळली, "अरे, माझी पोरगी कुठंय?"

फर्मिननं जी गाडी वळवली, ती थेट शाळेवर. एसी चालू असून घामानं भिजला होता. शाळेच्या दारात तशीच पांढरी गाडी आडवी उभी, आणि यारेलीचा बाप कायदा मोडून खाली उतरलेला, बाईशी हुज्जत घालत. फर्मिननं पोर ताब्यात दिली. दोन्ही बापांनी एकमेकांकडं बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडं नेली.

मारिसेला कुंपणाजवळ मेस्किटच्या झाडाच्या सावलीत होती. गवतावर आडवी, बूट काढलेले, कार्डं दप्तराखाली दडपलेली. फांदीवरचा पक्षी बघत होती. काही म्हणजे काही करत नव्हती. असं तिला शेवटचं कधी बघितलं होतं, ते फर्मिनला आठवेना.

त्यानं काच खाली केली. "अगं, आपली गाडी निघालेली दिसली नाही तुला?"

"दिसली. यारेली बसली, तेपण दिसलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

तिनं खांदे उडवले. उठली मात्र नाही. "पप्पा, एक चक्कर मारून या ना. थोडाच वेळ."

मागं बाई ओरडायला लागली, "गाडी पुढं घ्या, पुढं!" फोन अजून चालूच होता. पलीकडून नेरेइदाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"सापडली," फर्मिन म्हणाला. "ऑफिसात कळव. जागा सोडली म्हणून."

आणि पोरीला न घेताच त्यानं गाडी काढली, वळसा घालून रांगेच्या शेपटाला जाऊन लागला.

शाळेला सुट्टी लागायला अजून दोन आठवडे आहेत. तोवर तो रोज एक चक्कर जास्तीची मारतो. त्या रांगेत कधी तुम्ही त्याच्या मागं असाल आणि पुढची पांढरी गाडी रिकामीच निघून गेली, तर एवढं माझं ऐका. हॉर्न वाजवू नका.