उशाशी बोललेलं

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि त्यातली दोन पाकिटं बाजूला काढली.

“ही झोपेची गोळी गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली, ही हृदयाच्या. नावं वेगळी, औषध एकच. आजी दिवसभर गुंगीत असतात ते यामुळेच.”

वैजयंता चरकली. सासूबाईंना दोन्ही गोळ्या वर्षभर तीच नेमानं देत आली होती. आता यांना काही कळत नाही, असं धरून त्यांच्यादेखत वाट्टेल ते बोलायची घराला सवय झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी बंद केली, दुसरी हळूहळू कमी करत नेली. महिन्याभरात सासूबाई ताटावर येऊन बसल्या आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाल्या. मुलाचे डोळे भरून आले. वैजयंतानं उठून देवापुढे साखर ठेवली.

ती परत येऊन बसतेय तोवर सासूबाई भात कालवता कालवता मुलाला विचारत होत्या, “त्या वृद्धाश्रमात जागा झाली का रे? दिवाळीनंतर होईल म्हणत होतात ना दोघं, माझ्या उशाशी बसून.”

दोघांचेही हात ताटातच थांबले.

“वाढ गं आमटी,” सासूबाई म्हणाल्या. “मीठ चालेल एवढं.”

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश होत्या. “आजी अगदी तरतरीत झाल्या. सगळं श्रेय तुमचं. आता काही तक्रार?”

वैजयंतानं बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“झोप फार कमी झालीय हो त्यांची. त्यातली एखादी गोळी परत सुरू नाही का करता येणार?”