दमणीतला एकटा उतारू

कापसाच्या सौद्यासाठी वऱ्हाडात निघालेल्या कमलाकांताला पुण्यातच बजावलेलं होतं, की परमुलखात भाडं आधी ठरवल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवू नये. त्यामुळे अकोल्याहून अमरावतीसाठी बैलांची दमणी हाकणाऱ्या नत्थुजीने दोघांचं भाडं मागताच तो कडाडला, "मी एकटा आहे. एकाचंच देईन."

दमणीत डोकावत नत्थुजी म्हणाला, "जशी तुमची मर्जी, पंत."

भर दुपारी निर्मनुष्य वाटेवर जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जाऊ लागलं आणि गळ्याखालचे पट्टे आवळू लागले.

"मांगं वजन झालं. सामोर सरका."

मागे नुसती वळकटी होती. कमलाकांत सरकत सरकत नत्थुजीच्या पाठीला टेकला, तरी जू खाली येईना.

"आता उतरा बापा, बैलाले फास लागून राहिला."

आपल्याला उतरवून हा सामानासकट पळणार, अशी शंका कमलाकांताला आली. तरी बैलांची घरघर ऐकवेना, म्हणून तो उतरला. त्याच क्षणी जू धपकन मानेवर बसलं.

नत्थुजीने मागे वळून पाहिलं नाही. "लवकर चढा," तो कुजबुजला. "तुमी पयले चढा."

कमलाकांताने दमणीला हात घातला. त्याचं पाऊल जमिनीवरून सुटण्याआधीच जू पुन्हा वर गेलं.